बिनतारीची जुनी धुडे

बोटीचा नांगर ही वस्तू आपल्या शहरात फारशी कोणी जवळून पाहिलेली नसणार. मराठवाड्यात नांगर म्हटला की तो शेतातला, आणि समुद्र तर येथून तीनशे किलोमीटर दूर. तरीही आजच्या विषयाची सुरुवात त्या शब्दापासूनच करावी लागते. कारण ज्या जुन्या, अवजड बिनतारी यंत्रांविषयी आम्ही बोलणार आहोत, त्यांना अमेरिकेतील हौशी मंडळींनी 'बोटीचा नांगर' असेच नाव ठेवले आहे. दोर बांधून पाण्यात सोडावे आणि बोट जागच्या जागी खिळवून ठेवावी, एवढ्याच उपयोगाचे हे धूड, असा त्या नावातला टोमणा. पण गंमत अशी की, आज हे नाव टोमणा मारणाऱ्यांच्या तोंडी कमी आणि ती यंत्रे जिवापाड जपणाऱ्यांच्या तोंडी अधिक ऐकू येते. चाळीस-पंचेचाळीस किलोंचे यंत्र, ज्याचे सगळे काम आज चार किलोंची पेटी अधिक चांगले करते, ते विकत घ्यावयाचे, दोघांनी धरून माडीवर चढवावयाचे, महिनोन् महिने दुरुस्त करावयाचे आणि पुन्हा दुसऱ्याच्या तशाच यंत्राशी बदलावयाचे, असा हा उद्योग आहे. घरच्या मंडळींनी त्याला वेड म्हटले तर त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. आम्हाला एवढेच दाखवावयाचे आहे की, या देवघेवीत लोखंडाबरोबर आणखी एक वस्तू हातोहात जाते, आणि ती थांबली तर आपल्या समाजाचे काही नुकसान आहे.

प्रथम हौशी बिनतारी म्हणजे काय ते पाहू. रेडिओ ऐकणे निराळे आणि बिनतारी चालविणे निराळे. घरात रेडिओ लावणारा मनुष्य फक्त कान देतो. हौशी बिनतारीवाला कानही देतो आणि तोंडही उघडतो. त्याच्या गच्चीवर तार ताणलेली असते, टेबलावर ऐकण्याचे यंत्र म्हणजे ग्राहक आणि बोलण्याचे यंत्र म्हणजे प्रक्षेपक असतो, आणि केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्याची परीक्षा उतरून त्याने परवाना मिळविलेला असतो. परवान्याबरोबर त्याला एक खूणनाव मिळते. आपल्या देशातील ही खूणनावे सहसा 'व्हीयू' या अक्षरांनी सुरू होतात. पंतप्रधान राजीव गांधी यांचे 'व्हीयू टू आरजी' असे होते. या परवान्यावर धंदा करता येत नाही, गाणी लावता येत नाहीत, पैसे घेऊन कोणाचा निरोप पोहोचविता येत नाही. मग ही मंडळी बोलतात तरी काय? हवा कशी आहे, तुमचा आवाज कसा येतो, यंत्र कोणते, तार किती उंचीवर बांधली आहे. बाहेरच्या माणसाला हे संभाषण नीरस वाटते, आणि खरे सांगावयाचे तर पुष्कळदा ते असतेही. एकमेकांना संबोधण्याची रीत मात्र मोठी मौजेची. सोळा वर्षांचा पोरगाही त्यांच्यात 'ओल्ड मॅन' आणि सत्तरीची आजीही 'यंग लेडी'. बोलणे झाल्यावर त्याची पावती म्हणून एकमेकांना एक कार्ड पाठवावयाचे, त्यावर तारीख, वेळ, लहरींची लांबी आणि यंत्राचे नाव लिहावयाचे, हाही जुना रिवाज आहे.

हे बोलणे इतके दूर जाते कसे, याची कल्पना आपल्यापैकी वडीलधाऱ्या मंडळींना अनुभवाने आहे. १९५२ सालापासून सिलोन रेडिओवरून गीतमाला सुरू झाली, तेव्हा ती लंकेहून औरंगाबादेत कोणत्या तारेने आली होती? लघुलहरी आकाशात वर जातात, जमिनीपासून शंभर ते चारशे किलोमीटर उंचीवर सूर्यकिरणांमुळे विद्युत्भारित झालेल्या हवेच्या थरांवर त्या वळतात आणि शेकडो-हजारो किलोमीटर पलीकडे पुन्हा खाली उतरतात. चाळीस मीटर लांबीच्या लहरी दिवसा काहीशे किलोमीटरांचा टप्पा गाठतात आणि रात्री त्याहून पुष्कळ दूर जातात. म्हणून येथून मुंबई, हैदराबाद, नागपूर अशा ठिकाणी सकाळच्या प्रहरी गप्पा मारावयाच्या तर ही पट्टी सोयीची. आपल्या शहराला हे शास्त्र परके नाही. निजामी राजवटीतच येथे नभोवाणी केंद्र होते, आणि १ एप्रिल १९५० रोजी हैदराबादच्या केंद्राबरोबर ते आकाशवाणीत सामील झाले. पोस्टात जाऊन रेडिओचे लायसन भरल्याचे तर येथे बसलेल्या अनेकांना आठवत असेल.

आता वजनाकडे वळू, कारण आमच्या मते या विषयातला खरा रस तेथेच आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील आरसीए कंपनीने 'एआर-८८' नावाचा ग्राहक बनविला. त्यात चौदा व्हॉल्व्ह असत आणि त्याचे वजन सुमारे ४५ किलो. अमेरिकन सैन्याचा 'बीसी-६१०' हा प्रक्षेपक तर सुमारे १८० किलोंचा, म्हणजे जवळजवळ दोन क्विंटल! हे वजन उधळपट्टीने आलेले नव्हते. व्हॉल्व्ह चालावयास दोन प्रकारची वीज लागते. आतली तार तापविण्यासाठी सहा व्होल्टांची, आणि इलेक्ट्रॉनांना ओढून घेणाऱ्या पत्र्यासाठी ग्राहकात दोन-अडीचशे व्होल्टांची. प्रक्षेपकातल्या '८०७' या आपल्याकडे अतिशय लोकप्रिय झालेल्या व्हॉल्व्हला सहाशे-सातशे व्होल्ट द्यावे लागत. ही निरनिराळी वीज घरच्या विजेपासून काढावयाची म्हणजे ट्रान्सफॉर्मर आला. आपली वीज सेकंदाला ५० फेरे घेते. इतक्या सावकाश फेऱ्यांवर काम करावयाचे तर ट्रान्सफॉर्मरच्या पोटात लोखंडी पत्र्यांची जाड चळत लागते आणि त्याभोवती तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. आजच्या यंत्रात प्रथम विजेचे फेरे सेकंदाला हजारोंच्या घरात नेतात, म्हणून तेच काम लिंबाएवढा गाभा करतो. त्या काळी ही युक्ती घरगुती यंत्रात परवडणारी नव्हती. शिवाय विजेतील घरघर काढून टाकण्यासाठी लोखंडी गाभ्याचे चोक, तेलात बुडविलेल्या कागदाचे कंडेन्सर, आणि हे सर्व पेलणारा पोलादी सांगाडा. एवढे झाले की दोन माणसांवाचून यंत्र हलत नाही.

वजनाचे दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. ग्राहकाला एका केंद्रावर स्थिर राहावयाचे असते. व्हॉल्व्ह तापले की आतले भाग किंचित प्रसरण पावतात आणि केंद्र सरकते. टेबलाला धक्का लागला, सांगाडा केसभर वाकला, तरी सरकते. आज हे स्थैर्य स्फटिक आणि अंकगणित यांच्या जोरावर मिळते. तेव्हा ते पितळेच्या दातेरी चाकांनी, जाड पत्र्याने आणि निव्वळ जडपणाने मिळवावे लागे. पुढे १९५० नंतरच्या दशकात कॉलिन्स कंपनीच्या रचनेचा 'आर-३९०ए' हा ग्राहक निघाला. त्याचे झाकण काढून पाहणाऱ्याला आपण घड्याळ उघडले की गिरणीचे यंत्र, असा प्रश्न पडतो. एक मूठ फिरविली की डझनावारी दातेरी चाके फिरतात, गुंडाळ्यांतले गाभे वरखाली होतात आणि पुढच्या खिडकीत आकडे सरकतात. हे यंत्र सुमारे ३८ किलोंचे. ते हाताळलेल्या माणसाला आजची हलकी मूठ पोरकट वाटते, ही त्याची तक्रार अगदीच खोटी नाही.

तिसरे कारण बोलण्याच्या पद्धतीत होते. जुन्या रीतीने आवाज पाठवावयाचा तर एक वाहक लहर सतत सोडावी लागते आणि तिच्यावर आवाज चढवावा लागतो. पूर्ण आवाज चढला तरी एकूण शक्तीचा दोनतृतीयांश भाग त्या वाहक लहरीतच खर्च होतो, आणि तिच्यात मजकूर काहीच नसतो. उरलेला एकतृतीयांश दोन बाजूंच्या लहरींत विभागला जातो, आणि त्या दोहोंत मजकूर एकच! म्हणजे आठ बैलांची गाडी जुंपून एक पत्र पोहोचविण्यासारखे झाले. हा आवाज चढविण्यासाठी प्रक्षेपकाला शंभर वॉट वीज दिली तर आवाजाची आणखी पन्नास वॉट तयार करावी लागत, आणि त्यासाठी आणखी एक भलामोठा ट्रान्सफॉर्मर. युद्धानंतरच्या वीस वर्षांत हौशी मंडळींनी वाहक लहर आणि एक बाजू गाळून उरलेली एकच बाजू पाठविण्याची पद्धत उचलली, आणि ते ट्रान्सफॉर्मर टेबलाखाली गेले. तरीही जुन्या रीतीचा आवाज भरदार आणि गोल असतो, म्हणून काही हट्टी मंडळी अजून तोच वापरतात. काटकसरीच्या दृष्टीने त्यांची बाजू लंगडी आहे. कानाच्या दृष्टीने नाही.

ही यंत्रे आपल्या देशात कशी आली आणि कोणाच्या हाती पडली, याला इतिहास आहे. १९२१ च्या सुमारास कलकत्त्यात अमरेंद्रचंद्र गुप्तू आणि मुकुल बोस यांनी हौशी केंद्रे चालविली, तेव्हापासून हा छंद भारतात आहे. १९३९ साली युद्ध सुरू होताच सरकारने हौशी परवाने थांबविले आणि प्रक्षेपक पोलिसांकडे जमा करण्याचे हुकूम काढले. पण यंत्र जमा करता येते, डोक्यातली विद्या जमा करता येत नाही. ऑगस्ट १९४२ मध्ये गवालिया टँकवर 'चले जाव'चा ठराव झाला, पुढारी तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांची तोंडे बांधली गेली. आणि त्याच महिन्याच्या २७ तारखेला मुंबईत काँग्रेस रेडिओ बोलू लागला. उषा मेहता, विठ्ठलदास खाकर, चंद्रकांत झवेरी ही तरुण मंडळी बोलणारी आणि खटपट करणारी. प्रक्षेपक उभारून दिला तो नरीमन प्रिंटर या पूर्वीच्या परवानाधारक हौशी बिनतारीवाल्याने. साहित्यासाठी शिकागो रेडिओचे नानक मोटवाने यांचे साहाय्य झाले.

या केंद्राची लहर ४२.३४ मीटरची होती. श्रोतेहो, येथे थोडे गणित करून पाहा. तीन लाखाला ४२.३४ ने भागले की सुमारे ७,०८५ किलोसायकल येतात. हौशी मंडळींची चाळीस मीटरांची पट्टी आज आपल्या देशात ७,००० ते ७,२०० किलोसायकलांची आहे. म्हणजे ज्या पट्टीवर आजही रोज सकाळी हौशी मंडळी हवापाण्याच्या गप्पा मारतात, तिच्या अगदी पोटातून त्या वेळी स्वातंत्र्याचा आवाज निघत होता! त्या काळचे यंत्र खिशात घालून पळण्याजोगे नव्हते. पोलिसांच्या शोधक गाड्या मागावर असताना चौपाटीपासून महालक्ष्मीपर्यंत एकामागून एक बिऱ्हाडे बदलावयाची, आणि प्रत्येक वेळी ते लोखंड जिन्यावरून उतरवून दुसऱ्या जिन्यावर चढवावयाचे. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी हे केंद्र पकडले गेले. अटकेत असलेल्या प्रिंटरकडूनच पोलिसांना ठिकाण कळले, ही या कथेतली दुःखाची बाजू. उषा मेहतांना चार वर्षांची शिक्षा झाली. या कथेत वीर कोण आणि भित्रा कोण हे इतिहास सांगतोच. आम्ही एवढेच लक्षात आणून देतो की, यंत्रे जमा झाल्यावर तीन वर्षांनी नवे यंत्र उभे राहू शकले, ते यंत्र उघडून पाहण्याची सवय असलेली माणसे शहरात होती म्हणून.

युद्ध संपले आणि सैन्यांनी मागे टाकलेला माल बाजारात आला. 'डिस्पोजलचा माल' हा शब्द त्या पिढीच्या तोंडी बसलेला होता. डिस्पोजलची जीप, डिस्पोजलचा तंबू, डिस्पोजलची घोंगडी, आणि त्याच ढिगात विमानांतले ग्राहक, रणगाड्यांतले संच, पेट्याच्या पेट्या व्हॉल्व्ह. मुंबईचा चोरबाजार, पुढे लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार, ही हौशी मंडळींची तीर्थक्षेत्रे झाली. परदेशी नवे यंत्र मागविणे जकातीमुळे आणि आयातीच्या निर्बंधांमुळे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होते. म्हणून ऐकण्यास सैन्यातला एखादा ग्राहक आणि बोलण्यास घरी जोडलेला '८०७' चा प्रक्षेपक, असा संसार पुष्कळांनी वर्षानुवर्षे केला. १५ मे १९४८ रोजी महू येथील सैन्याच्या सिग्नल्स शाळेत हौशी बिनतारीवाल्यांचा अखिल भारतीय क्लब स्थापन झाला आणि १९५४ साली तो दिल्लीस गेला. सैन्य आणि हौशी मंडळी यांचे हे नाते माल आणि माणसे दोन्ही बाजूंनी होते. सिग्नल्समधून निवृत्त झालेला हवालदार गावात आला की त्याच्याभोवती दोन-चार पोरे जमत. पुढे १९८४ च्या सुमारास आयातीच्या जकातीत सूट मिळाली, जपानी यंत्रे येऊ लागली, आणि जुनी धुडे जिन्याखाली गेली.

जिन्याखाली गेलेली ही यंत्रे पुन्हा बाहेर येतात ती मेळाव्यांत. अमेरिकेत ओहायो राज्यात डेटन येथे १९५२ सालापासून असा मेळावा भरत आला आहे. २०१७ पासून तो जवळच्या झीनिया गावच्या जत्रेच्या मैदानावर भरतो. आत कंपन्यांची झगमगती दुकाने असतात, पण जुना माणूस आधी बाहेरच्या मैदानाकडे वळतो. तेथे लोक मोटारींच्या पाठी उघडून, चादरी पसरून आपापला जुना माल मांडून बसतात. आपल्या जाफरगेटचा रविवारचा बाजार ज्याने पाहिला आहे, त्याला हे दृश्य मुळीच परके वाटणार नाही. तीच घासाघीस, तेच नको नको म्हणत पुढे जाणे आणि दुसऱ्या फेरीत परत येणे. भारतात 'हॅमफेस्ट इंडिया' हा मेळावा निरनिराळ्या शहरांत भरत आला आहे, आणि आपल्याला जवळचे म्हणजे हैदराबादेत लामकान येथे भरणारे हौशी बिनतारी संमेलन. आपल्याकडचा जुन्या यंत्रांचा व्यवहार मात्र बराचसा मेळाव्याबाहेरच होतो. एकाने दुसऱ्याला कळवावयाचे, तिसऱ्याच्या ओळखीचा टेम्पो त्या बाजूने येणार असतो, चौथ्याने ते उतरवून घ्यावयाचे. पैशापेक्षा मोबदल्यात वस्तू देणे पुष्कळदा बरे पडते. तुझा ट्रान्सफॉर्मर मला, माझे चार व्हॉल्व्ह तुला.

अशा वेळी यंत्र पारखतात कसे, हे पाहण्यासारखे असते. जुने यंत्र घरी आणून थेट वीज देणारा मनुष्य अडाणी समजावा. काही अमेरिकन यंत्रे ११७ व्होल्टांची असतात. आपल्या २३० व्होल्टांवर ती लावली की धूर निघालाच. पंचवीस-तीस वर्षे पडून राहिलेले कंडेन्सर आतून सुकलेले किंवा पाझरलेले असतात. म्हणून प्रथम झाकण काढावयाचे, धूळ आणि उंदरांनी कुरतडलेले वायर पाहावयाचे, ट्रान्सफॉर्मरचा वास घ्यावयाचा. जळलेल्या लाखेचा वास एकदा ओळखला की विसरत नाही. मग दुरुस्तीच्या प्रत्येक दुकानात भिंतीला टांगलेला असतो तो सिरीजचा दिवा काढावयाचा. साधा शंभर वॉटांचा पिवळा दिवा यंत्राच्या मार्गात जोडावयाचा आणि मगच बटण दाबावयाचे. दिवा लख्ख पेटून तसाच राहिला तर आत कोठेतरी सरळ वाट झाली आहे, ताबडतोब बंद करा. प्रथम उजळून हळूहळू मंद झाला तर यंत्रात जीव आहे. आणि दुसरा नियम: प्रक्षेपकात हात घालताना एक हात खिशात ठेवावयाचा, म्हणजे वीज एका हातातून दुसऱ्या हातात छातीतून जाऊ शकत नाही. बटण बंद केल्यावरही कंडेन्सरात प्राणघातक वीज साठलेली असते. ती योग्य रोधकातून जमिनीला वाहू दिल्याशिवाय स्पर्श करावयाचा नाही.

या गोष्टी छापील पुस्तकांत आहेत. पण पुस्तकात वाचून कोणी ट्रान्सफॉर्मरचा वास ओळखावयास शिकत नाही. यंत्र विकणारा वृद्ध गृहस्थ ते सहसा नुसते देत नाही. हा कंडेन्सर मी अमक्या साली बदलला, ही मूठ डावीकडे अडते तेव्हा जोर करू नकोस, येथे मी मूळ नकाशा सोडून जोडणी केली आहे, ती अशासाठी, असे तास-दीड तास सांगतो आणि मगच हात सोडतो. आम्ही आरंभी म्हटले ती लोखंडाबरोबर जाणारी वस्तू हीच. जुन्या यंत्रात प्रत्येक भाग डोळ्यांनी दिसतो आणि बोटाने दाखविता येतो. गुंडाळी ही गुंडाळी असते, कंडेन्सर हा कंडेन्सर. आजच्या यंत्रात सगळे संसार एका काळ्या चिपेत गेले आहेत. ती बिघडली तर बदलावयाची, समजून घ्यावयाचे काही उरत नाही. म्हणून शिकण्यास धूड बरे.

याचा अर्थ नव्याशी या मंडळींचे वैर आहे असा नव्हे. हैदराबादच्या अशहर फरहान यांनी २००३ साली 'बिटएक्स' नावाच्या एका साध्या संचाची रचना प्रसिद्ध केली. आपल्याकडच्या दुकानांत मिळणाऱ्या स्वस्त ट्रान्झिस्टरांवर तो चालतो, आणि परदेशी गाभे मिळत नाहीत म्हणून गुंडाळ्यांसाठी त्यांनी चक्क नळातले वॉशर वापरले! जगभर लोकांनी तो संच घरी जोडला. हाताच्या तळव्यावर मावणारा हा संच आणि दोघांनी उचलावयाचा 'एआर-८८' यांत वजनाचे अंतर कितीही असो, घराणे एकच आहे.

आता कोणी विचारील की, मोबाईलच्या युगात या सर्वाचा उपयोग काय? उपयोगाचा प्रश्न आला म्हणजे हौशी मंडळी आपत्तीची उदाहरणे देतात. ती खरी आहेत, पण जपून द्यावीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीला भूकंप झाला. आदल्या रात्री गणपतींचे विसर्जन करून गावे झोपली होती. सुमारे दहा हजार माणसे गेली. त्या वेळी हौशी बिनतारीवाल्यांनी संदेश पोहोचविण्याचे काम केले. २००४ च्या डिसेंबरात अंदमानला सुनामीचा तडाखा बसला तेव्हा दिल्लीच्या भारती प्रसाद हौशी केंद्र चालविण्यासाठी पोर्ट ब्लेअरला गेलेल्याच होत्या, आणि त्यांच्या केंद्रावरून बेटांची खबर देशाला कळत राहिली. पण किल्लारीच्या ढिगाऱ्यांत कोणी पंचेचाळीस किलोंचा ग्राहक उचलून नेला नसता, आणि नेऊही नये. तेथे कामी येतात ती हलकी यंत्रे आणि मोटारीची बॅटरी. मात्र वीज गेली, टॉवर पडले, तार तुटली, जोड सुटला, तेव्हा दोन झाडांमध्ये हातभर-बोटभर मोजून तार ताणणारा आणि यंत्र उघडण्यास न घाबरणारा माणूस लागतो. तो माणूस असल्याच धुडांवर हात भाजून घेत तयार होतो, असे आमचे मत आहे.

अडचण अशी आहे की, ही धुडे आणि त्यांचे मालक दोन्ही वेगाने कमी होत आहेत. हौशी मंडळी आपल्यातील कोणी वारला की त्याची 'कळ थांबली' असे म्हणतात. कळ म्हणजे तारेचे कट्ट-कडकट्ट वाजविण्याची. कळ थांबल्यावर महिना-दोन महिन्यांत घरची मंडळी जिन्याखालची जागा मोकळी करू पाहतात. यंत्राचे नाव कोणास ठाऊक नसते, ते कोणाला द्यावे हे ठाऊक नसते. भंगारवाला येतो, तांबे वेगळे, ॲल्युमिनियम वेगळे, पत्रा वेगळा असा भाव सांगतो आणि हातोडीने व्हॉल्व्ह फोडून गुंडाळ्या उपटतो. त्याचा दोष नाही. तो वजनाचाच व्यापारी आहे.

आपल्या शहरात जुने वाडे पाडून इमारती उठत आहेत, आणि माळ्यावरचे सामान खाली येत आहे. छावणीतून निवृत्त झालेल्यांची, तारखात्यात किंवा आकाशवाणीत नोकरी केलेल्यांची घरे येथे पुष्कळ आहेत. तेव्हा काही व्यवहाराच्या गोष्टी सांगून ठेवतो. काळे किंवा राखी रंगाचे, पुढे मोठी गोल मूठ असलेले, एकट्याने न उचलणारे यंत्र सापडले तर ते विजेला लावून पाहू नका. मागच्या बाजूस पितळेची किंवा ॲल्युमिनियमची पट्टी असते. तिच्यावरचा आकडा कागदावर उतरून घ्या आणि छायाचित्र काढा. यंत्र ऐकण्याचे आहे की बोलण्याचे, हे जाणकाराकडून पाहून घ्या. कारण बोलण्याचे यंत्र बाळगावयास परवाना लागतो आणि ते परवानाधारकाच्याच हाती गेले पाहिजे. १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी कायदा यांची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ साली दूरसंचार कायदा संमत केला आहे, तेव्हा नियमांची चौकशी करूनच देवघेव करावी. विकत घेणारा न मिळाला तर अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेला विचारावे. झाकण काढून ठेवलेले एक धूड विद्यार्थ्यांना फळ्यावरच्या दहा आकृत्यांहून अधिक सांगते. सुटे व्हॉल्व्ह वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात ठेवावेत, त्यांवरची अक्षरे पुसू नयेत. आणि कपाटाच्या तळाशी कार्डांचा गठ्ठा किंवा बारीक अक्षरात तारखा-वेळा लिहिलेली वही निघाली तर ती रद्दीत घालू नका. कोणत्या यंत्रावरून, कोणत्या दिवशी, किती वाजता, कोठे बोलणे झाले ते तिच्यात असते. यंत्र नेणाऱ्याला ती वहीही हवी असते.